रोज घड्याळ लावून सोळाशे मारल्याने वेळ कमी होत नाही

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांत एक समज वर्षानुवर्षं पक्का आहे: रोज पहाटे स्टॉपवॉच लावून १६०० मीटर जीव तोडून पळायचं, की वेळ आपोआप खाली येते. असं होत नाही.

पुरुषांना पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येक साडेसत्याहत्तर सेकंदांत. इतक्या जोराच्या पळण्यानंतर पाय सावरायला साधारण दोन दिवस जातात. तुम्ही दुसऱ्याच पहाटे पुन्हा चाचणी घेता, तेव्हा घड्याळात दिसतो तो थकवा. त्यात अपुरी झोप, उकाडा, वारा, ओली माती यांनीही पाच-सात सेकंद इकडेतिकडे होतात. मग मंगळवारी ५:३१ आणि बुधवारी ५:३६ आलं, की चांगली मुलं खचतात. नडगी दुखत असतानाही पळत राहतात. हे बघून फार वाईट वाटतं.

दम वाढायला आठवडे लागतात. म्हणून चाचणी तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे: तेच मैदान, तीच वेळ, तेच बूट, आदल्या दिवशी आराम. मधले दिवस सरावाचे. आठवड्यातून एक-दोनदा ४०० मीटरचे तुकडे (एक फेरी जोरात, मग थोडी विश्रांती, पुन्हा फेरी), बाकी बोलता येईल इतक्या सावकाश लांब धावा. मुलींच्या ८०० मीटरलाही हेच लागू.

शेवटची चाचणी भरतीच्या मैदानी परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी उरकून घ्या.