तत्त्वज्ञान आणि धर्म-अध्ययन : लहान विद्यापीठातला अर्ज कुठे अडकतो

अर्ज नाकारला गेला की अर्जदाराचा मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "मार्क तर चांगले होते, मग झालं काय?" मार्कांनी सहसा काहीच बिघडवलेलं नसतं. बाहेरच्या देशातल्या विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी, त्यातही लहान विभागात अर्ज केला, की तो पडतो ठरावीक चार-पाच ठिकाणी. दरवर्षी नवे अर्जदार, खड्डे तेच.

पहिला खड्डा पात्रतेचा. 'कोणत्याही शाखेची पदवी चालेल' हे वाक्य वाचून लोक खूश होतात आणि पुढची ओळ वाचतच नाहीत. त्या ओळीत बहुधा तत्त्वज्ञानातल्या किंवा धर्म-अध्ययनातल्या किमान श्रेयांकांची अट असते. युरोपात हे श्रेयांक ईसीटीएस पद्धतीने मोजतात : पूर्ण वर्षाचे 60, आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचं काम. यात वर्गातल्या तासांबरोबर घरचं वाचन आणि निबंधही धरलेले असतात. तुमच्या गुणपत्रकावरचे श्रेयांक वेगळ्या हिशेबाने दिलेले असू शकतात, त्यामुळे आकडा जसाच्या तसा फॉर्ममध्ये भरू नका. रूपांतर कसं करायचं ते प्रवेश कक्षाला ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

याच अटीपायी मागितला जातो तो कुणाकडेच नसलेला कागद : तुम्ही शिकलेल्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, कॉलेजच्या शिक्क्यासह. कॉलेजात गेलात की खिडकीतून उत्तर येतं, "अभ्यासक्रम वेबसाइटवर आहे की." तिथे असतो तो आजचा. तुम्हाला हवा आहे तुम्ही शिकलात त्या वर्षीचा. तो विभागाच्या कपाटात असतो किंवा एखाद्या जुन्या प्राध्यापकांच्या संगणकात. हे काम सगळ्यात आधी हाती घ्या, कारण याला किती चकरा लागतील ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्सवाल्यांनीही हिरमुसू नये. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, विज्ञानाचा इतिहास असा एखादा पेपर झाला असेल तर तो तपशिलासकट दाखवा.

दुसरा खड्डा स्टेटमेंट ऑफ पर्पजचा, म्हणजे 'मला हे का शिकायचं आहे' या निवेदनाचा, आणि माझ्या मते सर्वांत खोल हाच. 'लहानपणापासून मला अध्यात्माची ओढ आहे' अशी सुरुवात मी इतक्यांदा वाचली आहे की पुढचा परिच्छेद न वाचता सांगू शकेन. ओढ असण्यात गैर काही नाही, पण धर्म-अध्ययनाचा विभाग तुमची श्रद्धा तपासत नाही. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. हा फरक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1963 च्या एका निकालात स्पष्ट मांडला गेला, आणि ब्रिटनमध्ये 1967 साली लँकेस्टर विद्यापीठात धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी जो विभाग उभा केला तो याच भूमिकेवर. थिऑलॉजीचं, म्हणजे एखाद्या धर्माच्या आतून होणाऱ्या अभ्यासाचं, तसं नाही. तिथले काही अभ्यासक्रम एखाद्या पंथाच्या चौकटीत चालतात आणि धर्मसंस्थेचं पत्रही मागतात. आपला अर्ज यांपैकी कुठे चालला आहे ते आधी पाहा. मग ओढीऐवजी प्रश्न लिहा. 'मला बौद्ध तत्त्वज्ञान आवडतं' यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'सगळंच शून्य, म्हणजे स्वतंत्र अस्तित्व नसलेलं, असेल तर बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं स्वतःचं विधानही शून्य ठरतं का, आणि त्याने या आक्षेपाला दिलेलं उत्तर पुरेसं आहे का' हे वाचल्यावर समोरचा खुर्चीत सरसावून बसतो.

इथे विद्यापीठ लहान असल्याचा मुद्दा येतो. विभागात शिकवणारे चार-पाच जण, आणि तुमची फाईल वाचणारे बहुधा तेच. नागार्जुनावर काम करणारं तिथे कुणी नसेल, किंवा जे आहेत ते पुढचं वर्षभर अभ्यासरजेवर असतील, तर उत्तम अर्जही परत येतो. नकाराच्या पत्रात हे कारण लिहिलेलं नसतं. म्हणून अर्जाआधी त्या प्राध्यापकांना पाच-सहा ओळींचं पत्र पाठवा. विभागाच्या यादीतला एखादा विषय एक वर्षाआड शिकवला जातो का, हेही त्यातच विचारून घ्या.

भाषेच्या रकान्यात तर निम्मे लोक चुकतात. 'भाषेचा पुरावा' दोन जागी मागितलेला असतो. एक अध्यापनाच्या माध्यमाचा : आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षा. त्यांचे गुण दोन वर्षं ग्राह्य धरतात, पण ते अर्जाच्या दिवशी ग्राह्य हवेत की सत्र सुरू होताना, हे विद्यापीठागणिक बदलतं. दुसरा पुरावा मूळ ग्रंथांच्या भाषेचा : संस्कृत, पाली, ग्रीक, हिब्रू, अरबी. तिथेही लोक आयईएलटीएसच जोडतात! या भाषांचं प्रमाणपत्र नसेल तर ज्यांच्याकडे शिकलात त्यांच्याकडून पत्र घ्या. त्यात किती काळ शिकलात आणि कोणते उतारे मुळातून वाचलेत ते लिहिलेलं असू द्या.

शिफारसपत्रांबद्दल एवढंच सांगतो की 'विद्यार्थी आज्ञाधारक व मेहनती आहे' या पत्राचा उपयोग शून्य. सरांना तुमचा एखादा निबंध परत वाचायला द्या, म्हणजे लिहायला काहीतरी मिळेल. आणि पत्र अपलोड करण्याची लिंक त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडते, हे गृहीत धरूनच चाला.

आता तारीख. मुदतीपुढे लिहिलेले 23:59 म्हणजे विद्यापीठाच्या घड्याळातले, तुमच्या नव्हे. त्यात युरोपातली बहुतेक घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात, त्यामुळे मागच्या महिन्यात केलेला हिशेब चुकतो. शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपलेली असू शकते, आणि ती बऱ्याचदा वेगळ्याच पानावर दिलेली असते. टपालाने काही मागितलं असेल तर 'पोहोचले पाहिजे' लिहिलंय की 'पाठवले पाहिजे', ते नीट वाचा. लहान विद्यापीठात टपाल उघडणारी व्यक्ती एकच असते, आणि तीही सुट्टीवर जाते.

फॉर्म भरणं, फोटो, शुल्क ही कामं अर्ध्या तासाची. मात्र पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रकावरचं नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, मागितलं असेल तर आधी तपासा की दोन्ही देश 1961 च्या हेग करारात आहेत. नसतील तर दूतावासाचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

आणि होकार आला तरी पत्रात 'सशर्त' शब्द आहे का ते बघा. अट बहुधा अंतिम पदवी प्रमाणपत्राची असते, आणि तुमचा पदवीदान समारंभ त्या तारखेनंतर असतो. तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल का, हे फोनवर न विचारता लेखी विचारा, आणि तिकीट त्यानंतरच काढा.