वावरातला कॅमेरा आणि पीपी नंबर

"मले येवढंच सांग, या कॅमेऱ्याचा नंबर कोनता? तू अमरावतीतून कोनता नंबर लावतं?"

मोठ्या बाबांनी हे विचारलं तेव्हा वरुड तालुक्यातल्या आमच्या वावरात, विहिरीजवळच्या लोखंडी खांबावर सिमकार्डाचा कॅमेरा बसवून जेमतेम तास झाला होता. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही (नीलगाई) धुऱ्यावरून आत शिरतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं पौषातल्या थंडीत माळ्यावर जागल करावी, हे घरात कोणालाच पटत नव्हतं. कॅमेरा बसवणं सोपं गेलं. सोलरची तार जोडली, सिम सरकवलं, कॅमेऱ्याच्या पोटावरचा क्यूआर कोड ॲपला दाखवला आणि मिनिटभरात वावर मोबाइलवर आलं. मी सिमचा नंबर सांगितला. त्यांनी तो लगेच स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. कॅमेरा काही बोलला नाही.

प्रश्न मात्र अगदी मुळावरचा होता. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, एकूण पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. जगातले फोन, संगणक, टीव्ही आणि कॅमेरे मोजले तर हे कधीच अपुरे पडलेत. म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो-हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवतात आणि आत प्रत्येकाला खाजगी पत्ता देतात. नवे, लांबलचक आयपीव्ही६ पत्ते आलेत खरे, पण स्वस्तातले बरेच कॅमेरे अजून जुन्याच पत्त्यावर चालतात.

मोठ्या बाबांना हे समजावायला पीपी नंबर कामी आला. गावात दोन-तीन घरीच फोन होते त्या काळात लग्नपत्रिकेवर नंबरापुढं 'पीपी' लिहिलेलं असायचं. फोन वाजायचा किराणा दुकानात, आणि दुकानदार पोराला पाठवून आपल्याला बोलावून घ्यायचा. मोबाइल कंपनीचं दुकानही तसंच आहे, फक्त हा दुकानदार कोणालाही बोलवायला जात नाही. आपण दुकानात जाऊन बाहेर फोन लावला तर त्याच फोनवर पलीकडचा आपल्याशी बोलू शकतो. बाहेरून आपणहून आलेला फोन तो सरळ ठेवून देतो.

मग चित्र येतं कसं? तर कॅमेरा स्वतःच बाहेर फोन लावतो. चालू झाल्याबरोबर तो कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरला गाठतो आणि काही सेकंदांनी पुन्हापुन्हा हजेरी देत राहतो. हजेरी चुकली तर मधला दुकानदार लाईन कापून टाकतो. मी अमरावतीत ॲप उघडलं की माझा फोनही त्याच सर्व्हरला गाठतो. सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता सांगतो आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे डेटाची पाकिटं टाकतात. दोन्हीकडच्या दुकानदारांना वाटतं, हे तर आपल्याच माणसानं लावलेल्या फोनचं उत्तर. दोघंही दार उघडतात. इथून पुढं चित्र थेट कॅमेऱ्याकडून माझ्याकडे वाहतं. मोबाइल नेटवर्कवर ही युक्ती पुष्कळदा फसते, आणि मग सगळं चित्र सर्व्हरमार्गेच फिरून येतं.

थोडक्यात, आपण कॅमेऱ्यात डोकावत नाही. कॅमेराच उठून आपल्याला भेटायला येतो. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं दार, उघडा, असं सांगणारे व्हिडिओ पाहून सिमच्या कॅमेऱ्यावर रात्री घालवणाऱ्यांना म्हणूनच काही हाती लागत नाही. दार त्यांच्या हातात नसतंच.

आणि ते बरंच आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामनं बाहेरून थेट गाठता येणारे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदीच साधी होती. कारखान्यातून आलेली साठेक नावं-पासवर्ड तो एकामागून एक लावून पाहायचा. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेनं साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या 'डाइन' (Dyn) या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. बिचाऱ्या मालकांना आपला कॅमेरा कुठं भांडायला गेलाय याचा पत्ताही नव्हता. तेव्हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, आणि तो कॅमेरा विकणाऱ्याला सांगून ठेवायचा नाही.

डेटाचं गणित मी पहिल्या आठवड्यात चुकवलं. कॅमेऱ्यासमोरचं दृश्य जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला शेकडो मेगाबिट लागतील. म्हणून कॅमेरा एक पूर्ण चित्र पाठवतो, आणि पुढं काही वेळ फक्त काय बदललं तेवढंच कळवतो. त्यामुळं ओझं सेकंदाला १ मेगाबिटपर्यंत उतरतं. पण तेवढ्यानंही दिवसाचे १०.८ जीबी होतात. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये सलग पाहिलं तर साडेचार तासही निघत नाहीत. मी कौतुकानं ॲप उघडं ठेवून झोपलो आणि पहाटेपर्यंत डेटा खलास. आता रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर होतं, आणि फोनवर येतो फक्त इशारा. वारा सुटला की चित्र फुटतं तेही याच कारणानं. सगळं वावर हलत असतं, त्यामुळं 'काय बदललं' याची यादी संपतच नाही.

खरी मजा रात्री आहे. अंधार पडला की कॅमेऱ्यातून बारीकसं 'टक' ऐकू येतं. भिंगामागं अवरक्त (इन्फ्रारेड) किरण अडवणारी काच असते, ती बाजूला सरकल्याचा तो आवाज. मग आजूबाजूचे एलईडी ८५० नॅनोमीटरचे किरण सोडतात. ते आपल्याला दिसत नाहीत, जवळून पाहिलं तर फक्त मंद लाल ठिपके दिसतात. या उजेडात शेजारची पऱ्हाटी पांढरीशुभ्र दिसते, जणू बर्फ पडलाय. पानं तांबडा प्रकाश शोषतात आणि अवरक्त जोरात परतवतात. पीक कसं आहे हे उपग्रह याच गुणावरून ताडतात.

डोळ्यांचंही तसंच. रोह्यानं मान वर केली की दोन दिवे लागतात, कारण त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागं उजेड परतवणारा चकाकता थर असतो. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. म्हणून डुकराचा कळप म्हणजे काळे गोळे. पिकाच्या पांढऱ्यावर सरकतात तेव्हाच ओळखू येतात. मोठे बाबा आता डोळ्यांवरूनच सांगतात, "रोही हाय. टॉर्च दाखवली तं पयते."

इशारे मात्र सुरुवातीला डोकं उठवणारे होते. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. झुळूक आली की ते जाळं कॅमेऱ्याला वाघाएवढं दिसतं. दर आठ दिवसांनी खांबावर चढून कुंच्यानं पुसणं हाच त्यावरचा उपाय.

काही कॅमेरे चित्रातला बदल पाहत नाहीत, अंगाची ऊब हेरतात. बॅटरी वाचते, पण विदर्भात एक अडचण आहे. अशा सेन्सरला ऊब अशी कळत नाही, कळतो तो अंगाच्या आणि पाठीमागच्या तापमानातला फरक. मे महिन्यात दिवस मावळताना जमीनच अंगाएवढी तापलेली असते, तेव्हा समोरून गाय गेली तरी तो गप्प. पौषात तोच सेन्सर सशालाही सोडत नाही. पावसाळ्यात झड लागली की सोलर आणि बॅटरी दोन्ही रडतात, ते निराळंच.

एक गोष्ट मला सुचायला हवी होती, ती सुचवली निंदणाला आलेल्या बायांनी. "भाऊ, हे दिवसभर आमच्याकडं पाह्यते काय?" विहिरीवर हातपाय धुवायचे, झाडाखाली डबा खायचा, घटकाभर पडायचं, सगळं अमरावतीत कोणीतरी पाहणार. प्रश्न रास्त होता. आता सकाळी ॲपमधून कॅमेऱ्याची मान धुऱ्याकडं वळवतो आणि दिवेलागणीला परत पिकाकडं.

गेल्या जानेवारीतली रात्र. इशारा वाजला, पाहतो तर तीन काळे गोळे हरभऱ्यात. मी मोठ्या बाबांना फोन लावला. ते सालदाराला घेऊन टॉर्च आणि डबा वाजवत निघाले, फोन कानालाच.

"गेले पाय, पयाले," ते धापा टाकत म्हणाले.

"नाही हो मोठे बाबा, इथंच उभे आहेत."

"अरे मी उभा हावो ना इथं!"

माझ्या पडद्यावर डुकरं निवांत चरत होती. चित्र सर्व्हरमार्गे फिरून, थांबत-थांबत येत होतं. आवाज मात्र थेट. मग पाच-सहा सेकंदांनी डुकरांनी एकदम माना वर केल्या, पऱ्हाटीकडं धावली, आणि कडेनं टॉर्चचा झोत चित्रात आला.