एलएलएम की एमएसडब्ल्यू? फाइल एकच, वाचणारे दोघं

भाचीनं घरात सांगितलं, "मला क्रिमिनल जस्टिसमध्ये मास्टर्स करायचंय." आजोबा म्हणाले, "म्हणजे वकील होणार." मामा म्हणाला, "छे, सीआयडी!" गंमत अशी की तिला स्वतःलाही नीट सांगता येईना. तिनं दोन अभ्यासक्रम काढून ठेवले होते आणि दोन्हींत हेच शब्द होते. एक फौजदारी कायद्यातलं एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, दुसरं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, गुन्हेगारी आणि न्याय या विषयासह. (मामाच्या डोक्यातलं ते न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स. त्याला विज्ञानाची पदवी लागते. तो रस्ताच वेगळा.)

प्रवेशाचा निकाल लगेच लागतो. एलएलबी नसेल तर एलएलएम नाही. भाची मानसशास्त्राची पदवीधर, म्हणजे आधी तीन वर्षं एलएलबी. आणि नुसती वकिलीच करायची असेल तर एलएलएमची गरजही नाही, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एलएलबीवरच मिळते. समाजकार्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट १९३६पासून समाजकार्य शिकवते. शिवाय निर्मला निकेतन आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. दोन वर्षांचा अभ्यास, त्यातला मोठा भाग क्षेत्रकार्याचा. टाटाचाच 'प्रयास' हा प्रकल्प १९९०पासून कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांबरोबर काम करतो.

पण खरा फरक माहितीपुस्तिकेत दिसत नाही. तो दिसतो बाल न्याय मंडळासमोरच्या फाइलीत; अठरा वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्ह्यांचे आरोप हे मंडळ हाताळतं. समजा, सोळा वर्षांच्या मुलानं बाजारातल्या टपरीवरून मोबाइल उचलला. पोलिसांनी पकडल्यापासून २४ तासांत त्याला मंडळापुढे उभं करायचं.

कायदा शिकलेला माणूस आधी वयाचा कागद शोधतो. शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. शिवाय वय धरायचं ते गुन्हा घडला त्या दिवसाचं, पकडल्या दिवसाचं नाही. मग कलम. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३नुसार ३ वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून बाल न्याय कायद्यात हा 'किरकोळ' गुन्हा. चार महिन्यांत, आणि मुदतवाढ मिळाली तर आणखी दोन महिन्यांत चौकशी संपली नाही, तर प्रकरणच बंद. तोच मोबाइल लोकलच्या डब्यातून उचललेला असेल तर कलम ३०५ लागू शकतं, शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते आणि 'किरकोळ' हा शब्द गळून पडतो. मुलगा तोच, मोबाइल तोच. हे बारकावे ज्याला दिसतात त्यानं एलएलएमकडे जावं.

समाजकार्यवाला तीच फाइल उलट्या बाजूनं उघडतो. परिवीक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. २०१६च्या आदर्श नियमांत तो फॉर्म ६ म्हणून आहे. घरात कोण कमावतं, शाळा कधी सुटली आणि का, संगत कोणाची, घरात मारझोड होते का. 'वडील व्यसनी, आई घरकाम करते' अशा दोन ओळींत फॉर्म भरून टाकणारेही मी पाहिलेत. त्या अहवालाचा मंडळाला काडीचा उपयोग होत नाही. सातवीत शाळा सुटली हे कोणीही लिहील. सातवीतच का, हे विचारायला आईपाशी बसावं लागतं, आणि ती पहिल्या भेटीत सांगत नाही.

मंडळाची घडणच दोघांना शेजारी बसवणारी आहे: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यातली एक तरी स्त्री. २०२४च्या मे महिन्यात पुण्यातल्या अपघातानंतर मंडळानं अल्पवयीन चालकाला जामीन देताना लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध गाजला, तेव्हा कुठे अनेकांना असं मंडळ असतं हे कळलं. सगळ्यात अवघड प्रश्न येतो तो बाल न्याय कायद्याच्या कलम १५चा. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण (किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असलेल्या) गुन्ह्याचा आरोप असेल, तर परिणाम समजण्याची त्याची क्षमता किती होती याचं प्राथमिक मूल्यांकन मंडळ करतं आणि त्यावर खटला प्रौढासारखा चालवायचा का ते ठरतं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२मध्ये सांगितलं. भाचीच्या मानसशास्त्राच्या पदवीला खरा भाव इथे आहे.

पगाराचं तिनं विचारलंच. वकिलीत सुरुवातीची वर्षं कोरडी, पण पुढे वाट रुंद. समाजकार्यात नोकरी लवकर लागते, बरेचदा कंत्राटी, आणि पगाराचा आकडा आजोबांना सांगण्यासारखा नसतो.

मग मी तिच्या हातात कोरा फॉर्म ६ दिला. बराच वेळ वाचून तिनं विचारलं, "शेजाऱ्यांकडे चौकशी करायची, पण मुलाला पकडलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही. मग दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं?"