टिश्यू कल्चरची सर्पगंधा : उगमाचा दाखला नेमका कुठे अडतो

सर्पगंधा या औषधी वनस्पतीचं बी फार कमी उगवतं, त्यामुळे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं लावणं शहाणपणाचंच आहे. धावपळ होते ती दीड-दोन वर्षांनी. मुळ्या काढून वाळवलेल्या असतात आणि व्यापारी विचारतो, "दाखला आहे का?"

औषधी वनस्पतींचा व्यापारी वापर करणाऱ्याला राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. आपलं महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या कायदादुरुस्तीत लागवडीच्या औषधी वनस्पतींना यातून सूट आहे, पण ती आपोआप मिळत नाही. माल शेतातला आहे, रानातून उपटलेला नाही, हे सांगणारा उगमाचा दाखला गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून घ्यावा लागतो.

अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. ओळखपत्र, मालाचा तपशील वगैरे नेहमीचंच.

अडतं ते सातबाऱ्यावर. ई-पीक पाहणीत सर्पगंधा नोंदवलेलीच नसते, जमीन पड दिसते. मग समितीनं लागवड कशावरून मानायची? म्हणून लावल्या हंगामापासूनच मोबाईलवरून फोटोसह नोंद करा. मुळ्या काढल्यावर शेतात फोटो काढायला काही उरत नाही.

दुसरं, रोपांचं बिल. "औषधी रोपे" एवढंच लिहिलेलं बिल कुचकामी आहे. त्यावर राउवोल्फिया सर्पेंटिना हे शास्त्रीय नाव, नग, तारीख आणि बॅच क्रमांक रोपं ताब्यात घेतानाच लिहून घ्या. पुष्कळ जण बिलाऐवजी प्रयोगशाळेला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं दिलेल्या मान्यतेची झेरॉक्स जोडतात. ती मान्यता प्रयोगशाळेच्या कामाची आहे. तुमच्या शेतात काय पिकलं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

खरा वैताग समितीचाच. कित्येक गावांत ती कागदावरच आहे, बैठक होत नाही, आणि "असा दाखला आम्ही देत नाही" म्हणून शेतकऱ्याला परत पाठवतात. कायद्यानं ते काम त्यांचंच आहे. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तिची प्रत मंडळाला पाठवा.

खरेदीदार परदेशी किंवा परदेशी नियंत्रणाखालची कंपनी असेल, तर या सूटीचा उपयोग नाही. तिला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. सर्पगंधा साइटिसच्या (धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात असल्यानं निर्यातीचे कागदही वेगळे. ते कोण काढणार, हे सौद्याच्या वेळीच लेखी ठरवून घ्या.