टेबलापासून वॉर्डापर्यंतचा पैसा

नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर दिसायला सोपा असतो. वर हीटर, खाली गादी, बाळाच्या पोटावर चिकटवलेला तापमानाचा प्रोब आणि बाजूला नियंत्रणाचा डबा. प्रोब त्वचेचं तापमान सांगतो, डबा त्याप्रमाणे हीटर कमी-जास्त करतो आणि बाळ 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसमध्ये राहतं. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा किंवा वाळूज औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये याची चौकट, पत्राकाम, वायरिंग सगळं उभं राहू शकतं, आणि टेबलावर ते छान चालतंही.

तोच वॉर्मर विजेच्या लाइनच्या टोकावरच्या खेड्यातल्या दवाखान्यात नेऊन बघा. तिथे 230 व्होल्टच्या जागी 180 येतात. साध्या हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 180 व्होल्टला ती 61 टक्क्यांवर उतरते. 600 वॅटचा हीटर 370 वॅटचा होऊन बसतो. बाळ गार पडू लागतं आणि डब्यावरचा दिवा मात्र हिरवाच. शेतातले पंप बंद झाले, विजेचा दाब 260 व्होल्टपर्यंत चढला, की उष्णता ठरवल्यापेक्षा 28 टक्के जास्त.

याहून घातक चूक प्रोबची आहे. दुपटं बदलताना चिकटपट्टी सुटली की प्रोब खोलीतल्या हवेचं तापमान मोजायला लागतो, समजा 29 अंश. डब्याला वाटतं बाळ गारठलं. तो हीटर पूर्ण उघडतो आणि खाली बाळ भाजून निघतं. बाळाला पालथं झोपवलं आणि प्रोब पोटाखाली दबला, तर उलटं घडतं: आकडा जास्त दिसतो, हीटर बंद राहतो, बाळ थंड पडतं. म्हणून चांगल्या वॉर्मरमध्ये प्रोबवर चकचकीत पट्टी लावतात, म्हणजे वरच्या हीटरची धग थेट संवेदकावर पडत नाही. शिवाय सॉफ्टवेअरला एक साधा नियम शिकवावा लागतो: हीटर पूर्ण चालू असूनही प्रोबचा आकडा ठरावीक वेळात चढत नसेल, तर प्रोब जागेवर नाही असं समजून भोंगा वाजव आणि हीटर कमी कर.

या चुका शोधायला, दुरुस्त करायला आणि दुरुस्त झाल्याचं सिद्ध करायला जो पैसा लागतो, तो मिळवण्यात आपल्याकडचे वैद्यकीय उपकरणांचे बहुतेक प्रकल्प कमी पडतात. नमुना बनवण्यापुरता पैसा आता पूर्वीपेक्षा सहज मिळतो. टेबलावरून वॉर्डापर्यंत जाण्याचा खर्च मात्र अनुदानाच्या प्रस्तावात मागितलेलाच नसतो.

हा पैसा कुठून येतो ते आधी पाहू. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नमुना बनवण्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, मुदत 18 महिने. जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये उभारलेल्या बायरॅक या संस्थेचं बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, ज्याला सगळे ‘बिग’ म्हणतात, 50 लाखांपर्यंत जातं. मुदत तीच, 18 महिने. कल्पना काम करते हे सिद्ध करण्यासाठी ते आहे. डॉक्टर किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक प्रमुख संशोधक असतील तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) बाह्य अनुदानाचा रस्ता आहे. विद्यापीठांसाठी 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांसाठी 5,000 कोटींची पीआरआयपी योजनाही त्याच वर्षीची. जुलै 2025 मध्ये केंद्राने 1 लाख कोटींचा संशोधन निधी मंजूर केला, पण तो मुख्यतः दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं कर्ज आणि भागभांडवल या रूपात आहे, आणि तंत्रज्ञान सज्जतेच्या नऊ पायऱ्यांपैकी (टीआरएल) चौथ्या किंवा पुढच्या पायरीवर असावं लागतं.

ही पायऱ्यांची मोजपट्टी समजून घ्यावी, कारण सगळी अनुदानं तिच्याच भाषेत बोलतात. 1 म्हणजे तत्त्व कागदावर, 3 म्हणजे प्रयोगशाळेत काम करतंय, 6 म्हणजे खऱ्या परिस्थितीसारख्या जागी नमुना चाललाय, 9 म्हणजे वस्तू वापरात आहे. बिगसारखं अनुदान तुम्हाला 3-4 पर्यंत आणतं. 4 ते 7 हा पट्टा सगळ्यात खर्चिक, आणि तिथेच अनुदान विरळ आहे. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च 2020-21 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 0.64 टक्के होता. एवढ्या पैशात मधला पट्टा कोरडा राहतो यात नवल नाही, पण तो तसाच राहू देणं परवडणारं नाही.

सार्वजनिक पैसा धीराने लावला तर काय होतं याचा दाखला आपल्याच देशात आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप बनवली. पहिली तीन रूपं फसली. चौथं रूप डिसेंबर 1990 मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलं आणि ते टिकलं. 18 महिन्यांच्या अनुदानात तीन अपयशं बसत नाहीत. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईचं वैद्यकीय उपकरणं विकसित करणारं बेटिक केंद्र 2014 मध्ये राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाच्या, म्हणजे राज्याच्या पैशातून उभं राहिलं आणि पुणे-नागपुरात त्याच्या शाखा झाल्या. मराठवाड्यात अशी शाखा का नसावी? इथे इंडो-जर्मन टूल रूम आहे, घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, उद्योजकांनी उभारलेली, नवउद्योगांना मदत करणारी मॅजिक ही संस्था आहे, नांदेडला गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. साचा कापणारा आणि बाळ सांभाळणारा एकाच शहरात आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवण्याचा पगार कोणाच्या खात्यातून निघणार, एवढंच ठरायचं राहिलंय.

आता प्रस्तावाच्या बजेटकडे. सुटे भाग, थ्रीडी प्रिंटर, लॅपटॉप, दोन इंजिनिअरांचं मानधन, थोडा प्रवास, आणि चाचणीसाठी शेवटी उरलेले एक-दीड लाख, असंच बजेट बहुतेक जण लिहितात. हे उलटं लिहावं. आधी चाचण्यांची यादी करा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं लेखी दरपत्रक घ्या, मग बाकीचं. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणाला आयईसी 60601-1 या आंतरराष्ट्रीय मानकाची सुरक्षेची परीक्षा असते. बाळाला जोडलेल्या भागातून गळणारा प्रवाह नेहमीच्या स्थितीत 100 मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त चालत नाही. हृदयाला थेट जोडणाऱ्या भागासाठी ही मर्यादा 10 आहे. त्याच मालिकेतली 60601-1-2 ही विद्युतचुंबकीय चाचणी. पहिल्या फेरीत बरेच नमुने इथेच अडकतात, आणि कारण बहुधा एकच: बाजारातला स्वस्त पॉवर सप्लाय. त्यातल्या वेगवान स्विचिंगचा गोंगाट वायरीतून बाहेर पडतो आणि वायर अँटेनासारखी वागते. मग वैद्यकीय दर्जाचा सप्लाय बसवा, वायरिंग बदला, परत रांगेत थांबा. म्हणून बजेटमध्ये चाचणीच्या दोन फेऱ्या धराव्यात आणि नमुने किमान तीन बनवावेत. एक प्रयोगशाळेत आपटून, ओला करून, जास्त व्होल्टेज देऊन संपणार, एक इंजिनिअरांच्या हाताशी, एक दवाखान्यात. एकाच नमुन्यावर तिन्ही कामं करायला गेलं की वेळापत्रक तिथेच मोडतं.

मे महिन्याचाही खर्च धरा. आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत आणखी चढतो. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा 45 अंश असते, त्यापुढे सर्किट चार्जिंग थांबवतं. बॅटरीवर चालणारं उपकरण दुपारी चार्ज होत नाही आणि रात्री, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी, बंद पडतं. पुण्यातल्या एसी खोलीत हा दोष कधीच सापडणार नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे उपकरणांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत, कमी धोक्यापासून जास्त धोक्यापर्यंत. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्याकडून, सी आणि डीचा सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून. चाचणीसाठी थोडे नग बनवायलाही परवाना लागतो: अर्ज एमडी-12 मध्ये, परवाना एमडी-13 मध्ये. आधी बाजारात नसलेल्या प्रकारचं उपकरण रुग्णांवर तपासायचं तर एमडी-22 चा अर्ज. हे पहिल्या तिमाहीत हातात घ्या. नमुना तयार झाल्यावर फॉर्म शोधणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर बियाणं आणायला निघणं.

डिजिटल आरोग्याच्या प्रस्तावांत चूक निराळी असते. तिथे सुटे भाग नाहीत, म्हणून खर्चच नाही असं वाटतं. समजा, फोनच्या कॅमेऱ्याने डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून मधुमेहाचा परिणाम ओळखणारं ॲप आहे. दर 100 आजारी डोळ्यांपैकी ते 90 ओळखेल असा अंदाज आहे आणि हा आकडा 5 टक्के इकडे-तिकडे एवढ्या खात्रीने सांगायचाय. संख्याशास्त्राचं सूत्र सांगतं, खरोखर आजारी असलेले 139 लोक हवेत: 1.96 चा वर्ग, गुणिले 0.9, गुणिले 0.1, भागिले 0.05 चा वर्ग. तपासायला येणाऱ्या मधुमेहींत 100 मागे 10 जणांनाच हा त्रास असेल, तर 139 मिळवायला 1,390 जण तपासावे लागतील. दहातला एक फोटो अस्पष्ट निघतो असं धरलं, तर साधारण 1,545. प्रत्येकाला येण्या-जाण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे 300 रुपये द्यायचे म्हटले तरी 4 लाख 63 हजार झाले. नेत्रतज्ज्ञाची तपासणी, मराठीतली संमतीपत्रं, विमा हे अजून आलेलंच नाही. ‘100 रुग्णांवर चाचणी, खर्च 50 हजार’ असं लिहिलेल्या प्रस्तावात आजारी माणसं फक्त 10 येणार, आणि 10 जणांवरून कोणताही डॉक्टर विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये.

त्यात आपल्या भागाचं कॅलेंडर वेगळं. बीड, परभणी, जालन्याकडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. सप्टेंबरमध्ये अभ्यासात घेतलेला माणूस तीन महिन्यांनी तपासणीला बोलावला तर तो कोल्हापूरच्या फडात असतो. पाठपुरावा लागणारा अभ्यास एप्रिल-मेमध्ये सुरू करून ऑक्टोबरच्या आत संपवावा, नाहीतर फडावरच्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत जाणारा आरोग्यसेवक बजेटमध्ये धरावा. गळालेले रुग्ण आकडा कमी करतात एवढंच नाही. सगळ्यात कष्टाचं काम करणारी माणसंच निकालातून गायब होतात, आणि मग ॲप त्यांच्यावर चालतं का हे कोणालाच कळत नाही.

ॲप सरकारी दवाखान्यात वापरायचं तर आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणी लागते. रुग्णाचा 14 अंकी आरोग्य क्रमांक, म्हणजे आभा, तपासणं ही पहिली पायरी, नोंदी देणं दुसरी, मागवून दाखवणं तिसरी. तिन्ही आधी मिशनच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या यंत्रणेत, करून दाखवाव्या लागतात. निदान सांगणारं सॉफ्टवेअर हेही कायद्याने वैद्यकीय उपकरणच आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या परवान्यातून त्याची सुटका नाही. आणि ॲप नेट नसताना चाललं पाहिजे: फोटो फोनमध्येच तपासावा, नोंद नंतर जावी.

पैसा मंजूर झाला तरी तो एकरकमी येत नाही. पहिल्या हप्त्याचं खर्चविवरण आणि सरकारी वित्तीय नियमांच्या (जीएफआर) 12-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावरच दुसरा हप्ता सुटतो. खात्यावरचं व्याज केंद्राला परत करावं लागतं; ते खर्चून टाकलं की हिशेब तिथेच अडतो. मानधनाचे पैसे यंत्रासाठी वळवायचे तर आधी लेखी परवानगी. संस्थेच्या लेखा विभागात या कामासाठी एक माणूस नेमलेला असेल, तर हप्ते वेळेवर येतात. नसेल, तर कुशल तंत्रज्ञाला चार महिने मानधन मिळत नाही आणि तो पुण्याला निघून जातो. प्रकल्प बंद पडण्याचं हे कारण कोणत्याही अहवालात लिहिलं जात नाही.

बिगचे अर्ज सहसा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, खुले होतात. जानेवारीचा धरायचा असेल तर काम ऑगस्टमध्ये सुरू करा. पहिला महिना लिखाणाला हात लावू नका. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात परवानगी घेऊन चार रात्रपाळ्या बसा. एका सिस्टरकडे किती बाळं आहेत, एका एक्स्टेन्शन बोर्डावर किती यंत्रं लावली आहेत, भोंगा वाजल्यावर तो किती वेळात बंद होतो आणि कशामुळे वाजला होता, हे वहीत लिहा. मल्टिमीटर सोबत असू द्या. दर तासाला सॉकेटवरचे व्होल्ट टिपा. मग सिस्टरला विचारा की प्रोब सुटला हे तिला सगळ्यात आधी कशावरून कळतं.