धुऱ्यावरचं कोरडं जाळं

परवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. तुरीच्या वावराचा धुरा (बांध), गवतावर दवानं पांढरं पडलेलं जाळं, त्यात नरसाळ्यासारखं भोक. खाली इशारा: ऑस्ट्रेलियातला जीवघेणा कोळी विदर्भात आला! अहो, फोटोतला कोळी बाहेरून आला नाही, इथलाच आहे. ऑस्ट्रेलियातला तो जीवघेणा, म्हणजे सिडनीचा अ‍ॅट्रॅक्स, कोळ्यांच्या फार दूरच्या शाखेतला, आणि त्याच्या विषावरही १९८१ पासून उतारा आहे.

आपल्या धुऱ्यावरचा हा बहुतेक हिप्पासा. ही प्रजाती सिमाँ या फ्रेंच अभ्यासकानं १८८५ मध्ये मांडली. कूळ लांडगा-कोळ्यांचं, म्हणजे सहसा जाळं न विणता धावून शिकार करणाऱ्यांचं. पण हा पठ्ठ्या जाळं विणतो ते अ‍ॅजेलेनिडी या दुसऱ्याच कुळासारखं. त्याच्या जातींची नावं बघा: अ‍ॅजेलेनॉइडिस, पिसॉरिना, लायकोसिना. तिन्हींचा अर्थ 'अमक्या कोळ्यासारखा'! कूळ मात्र लपत नाही. मादी अंड्यांची पिशवी मागं चिकटवून हिंडते, पुढं पिल्लं पाठीवर घेते.

आता खरी गंमत. हे जाळं चिकट नसतं. किडा त्यावर पडतो, पाय अडखळतात, तेवढ्यात कोळी नरसाळ्यातून सुटतो. पण वाऱ्यानंही जाळं हलतंच की! मग दर झुळकेला तो बाहेर का येत नाही?

कोळ्याच्या पायाच्या कवचात, शेवटच्या सांध्याजवळ, सूक्ष्म चिरांची एक रांग असते. पायाचं टोक थरथरलं की चिरा किंचित दाबल्या जातात आणि मज्जातंतूला खबर जाते. चिरांच्या अलीकडं एक मऊ गादी असते. मध्य अमेरिकेतल्या क्युपिएनियस या कोळ्यावर ती बारकाईनं तपासली गेली आहे. कणकेचा गोळा हळू ओढला की लांबतो, झटका दिला की तुटतो, गादीचं तसंच. संथ हेलकाव्याला ती दबते आणि जोर स्वतःतच जिरवते. कंपनं जलद झाली की तिला दबायला वेळच मिळत नाही, ती ताठ होते आणि जोर थेट चिरांवर जातो. थोडक्यात, कमी वारंवारता गाळणारी चाळणी, तीही मेंदूच्या आधी, पायातच. वारा गळून जातो, किड्याची फडफड पोचते.

अंगावर फोड उठले की आपल्याकडं 'कोळी मुतला' म्हणतात. बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येणारा लाल-काळा पेडेरस किडा अंगावर चिरडला, तरी त्यातल्या रसानं असेच फोड येतात. उलट टोकाचे व्हिडिओही फिरतात: कोळी वाढवा, बोंडअळी गायब! गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, धुऱ्यावरचा कोळी तिथं काय करणार? तुडतुडे, नाकतोडे खातो, तेवढं पुरे.

मी एक गवताची काडी व्हायब्रेटवरच्या मोबाईलला टेकवली आणि दुसरं टोक जाळ्याला लावलं. तीनदा धावत आला. चौथ्यांदा आलाच नाही.