डग्ग्याचा घुमारा आणि मीटरचा काटा

तबल्याच्या साथीने गायलेले भावगीत मास्टरिंगसाठी, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवण्यासाठी, कॉम्प्रेसर या मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्रातून जाऊ लागले की कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट कानाला जाणवते. डग्ग्यावर ‘धा’ घुमला की त्याच क्षणी गायिकेचा आवाज किंचित मागे सरतो आणि घुमारा विरताच पुन्हा पुढे येतो. यात गायिकेची काहीच चूक नसते. मास्टरिंगच्या टप्प्यावर सगळी वाद्ये डाव्या आणि उजव्या अशा दोनच वाहिन्यांत एकजीव झालेली असतात. त्यामुळे खर्जातल्या जोरकस ध्वनीने पातळी ओलांडली, तर यंत्र संपूर्ण गाणेच खाली दाबते.

म्हणूनच अ‍ॅनालॉग स्टिरिओ कॉम्प्रेसर निवडताना तो किती जोरात दाबतो यापेक्षा दाबलेला आवाज कसा सोडतो, हे आधी पाहावे. प्रकाशावर चालणाऱ्या जातीत संकेताच्या चढउताराप्रमाणे एक लहानसा दिवा उजळतो आणि त्याच्यासमोरच्या प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध बदलतो. दिवा मंदावल्यावर हा रोधक लगेच पूर्ववत होत नाही, आणि ही आळशी सुटका गळ्याला शोभते. व्हीसीए (विद्युतदाबाने नियंत्रित होणारा अ‍ॅम्प्लिफायर) जातीची मंडले वेगवान आणि काटेकोर असतात. ठेका घट्ट बांधायचा असेल तर तीच बरी. तिसरी जात व्हॉल्व्हची, म्हणजे निर्वात काचनळ्यांची. तिच्यात संकेत जितका चढेल तितके दाबण्याचे प्रमाणही आपोआप वाढते. राइन नार्मा यांनी रचलेला फेअरचाइल्ड ६७० हा २० व्हॉल्व्हचा अजस्र डबा याच जातीचा. त्यात दोन वाहिन्यांची बेरीज आणि वजाबाकी वेगवेगळी दाबण्याची सोय होती, कारण तबकडी कोरताना वजाबाकीचा भाग फार वाढला तर खाचेची खोली बिघडते आणि वाजवताना सुई उडते.

दोन वाहिन्यांचे नियंत्रण जोडलेले असणे हे एरवी फार महत्त्वाचे. ते सुटे ठेवले आणि ढोलकी डावीकडे असली, तर प्रत्येक थापेला फक्त डावी बाजू दबते आणि मधोमध उभा असलेला गायक क्षणभर उजवीकडे सरकल्यासारखा वाटतो.

सुरुवातीला दाबण्याचे प्रमाण दीड किंवा दोनास एक ठेवावे. दोनास एक याचा अर्थ असा की ठरवलेल्या पातळीच्या ४ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. आवाज किती दबला ते दाखवणारा मीटरचा काटा एक-दोन डेसिबलपलीकडे झुकू लागला की माझ्या मते दोष मिक्सिंगमध्ये, म्हणजे आधीच्या मेळवणीत, शोधावा. अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, ३० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला तर तबल्याच्या चाटीचा (काठाचा) टणत्कार सुटून जातो आणि मागचा नाद तेवढा आवरला जातो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदाची असते. पुढची मात्रा येण्याआधी काटा शून्यावर परतेल असा रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, शोधावा.

आणि डग्गा? त्यासाठी यंत्राच्या ‘कानाला’, म्हणजे पातळी मोजणाऱ्या वाटेला, खर्ज गाळणारी चाळणी लावतात. प्रत्यक्ष गाण्यातला खर्ज तसाच राहतो. मात्र मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा स्वर वर चढत जातो, त्यामुळे ६० हर्ट्झची चाळणी बहुधा पुरत नाही. ती हळूहळू वर सरकवत, यंत्र चालू आणि बंद असतानाचा आवाज समान पातळीवर आणून ऐकावे, कारण अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे गाणेही कानाला उगीचच सरस वाटते. गायिका जागची हलेनाशी झाली की बटणांचे आकडे वहीत उतरवून ठेवावेत.